पाखरांचा वाटा

येशू ख्रिस्ताच्या काळी पॅलेस्टाइनच्या बाजारात चिमण्या आणि त्यांच्यासारखे लहान पक्षी खाण्यासाठी विकले जात आणि गरिबाला परवडणाऱ्या मांसात त्यांची गणना होई. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांचा भाव एका असारियाला दोन असा दिला आहे. असारिया हे हलक्या किमतीचे नाणे असून अशा १६ नाण्यांचा एक दिनार, म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, होत असे. लूकच्या शुभवर्तमानात मात्र हा भाव दोन असारियांना पाच असा येतो. पहिल्या हिशेबाने दोन नाण्यांना चारच पक्षी मिळायला हवेत, तेव्हा पाचवा पक्षी विक्रेत्याने वर टाकलेला, बाजारात स्वतःची किंमतच नसलेला असा ठरतो. आणि या पाचांपैकी एकाचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू नेमक्या याच हिशेबाला जोडून सांगतो. परसात येणाऱ्या पाखरांचा ख्रिस्ती दृष्टीने विचार करताना या पाचव्या पक्ष्यापासून आरंभ करणे योग्य ठरते, कारण ज्याचा उपयोग नाही आणि ज्याला भाव नाही त्याच्याकडे मन लावून पाहता येणे, हाच पक्षीनिरीक्षणातील आनंदाचा गाभा आहे.

डोंगरावरील प्रवचन या नावाने प्रसिद्ध असलेल्या उपदेशात येशू उद्याच्या अन्नवस्त्राची चिंता करणाऱ्या श्रोत्यांना आकाशातील पाखरांकडे पाहायला सांगतो, आणि पेरणी, कापणी, साठवण यांपैकी काहीही न करता ती स्वर्गीय पित्याकडून पोसली जातात हे त्यांच्या लक्षात आणून देतो. लूक हाच उपदेश नोंदवताना कावळ्यांचे नाव घेतो. लेवीय या ग्रंथातील आहारनियमांनुसार कावळा अशुद्ध, म्हणजे खाण्यास निषिद्ध, असल्यामुळे हा दाखला त्या काळच्या श्रोत्यांना चमकवणारा वाटला असला पाहिजे. पुढे राजांच्या पहिल्या ग्रंथातील कथेत तर दुष्काळात ओहोळाकाठी लपलेल्या एलीया संदेष्ट्याला भाकर आणि मांस आणून देण्याचे काम याच अशुद्ध पक्ष्यांकडे सोपवलेले दिसते. या वचनांमुळे परसात दाणे टाकणाऱ्या श्रद्धावंतापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो : पाखरांना पोसणारा देव आहे आणि माणसाला केवळ पाहायला सांगितले आहे, तर माणसाच्या मूठभर दाण्यांचे प्रयोजन काय?

दान आणि हक्क

या प्रश्नाचे उत्तर जुन्या करारातील शेतीविषयक नियमांत सापडते. निर्गम या ग्रंथानुसार दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, तिच्यात आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी खायचे आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या प्राण्यांनी खायचे, असा दंडक होता. लेवीय ग्रंथ शेतकऱ्याला शेताचे कानेकोपरे पूर्णपणे कापू नयेत आणि गळून पडलेली कणसे वेचू नयेत असे बजावतो, कारण ती दरिद्री आणि परदेशी माणसांसाठी असतात. अनुवाद या ग्रंथात तर घरट्याविषयीच नियम आहे : वाटेत पिल्ले किंवा अंडी असलेले घरटे आढळले, तर पिल्लांबरोबर आईला धरू नये, तिला जाऊ द्यावे. एवढ्या छोट्या नियमाला कल्याण आणि दीर्घायुष्य यांचे आश्वासन जोडलेले आहे, आणि तेच आश्वासन दहा आज्ञांमध्ये आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही जोडलेले आहे.

या सर्व नियमांत एक समान सूत्र आहे. जमिनीच्या मालकाने आपल्या उदारपणाने काही द्यावे असे त्यांत म्हटलेले नाही. जे मुळात इतरांचे आहे त्याला त्याने हात लावू नये, एवढेच म्हटले आहे. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही, कारण गावगाड्यात खळ्यावरून बलुतेदाराच्या घरी जाणारे धान्य जसे भीक मानले जात नसे, तसाच हा पाखरांचा वाटा आहे. दाणे टाकणारा माणूस या दृष्टीने दाता राहत नाही. तो देवाच्या पोसण्यात आपल्या परीने अडथळा न आणणारा, आणि जिथे पूर्वी अडथळा आणला गेला असेल तिथे थोडे परत करणारा शेजारी ठरतो.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती परंपरेत या विचाराला एक जवळचा साहित्यिक दाखला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली. अनेक पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेल्या त्यांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण चोचीतला अखेरचा घास घेऊन कशीबशी घरट्यापर्यंत पोहोचते आणि पिल्लांसमोर प्राण सोडते. आई आणि पिल्ले यांच्यातील ज्या नात्याला अनुवादातील नियम संरक्षण देतो, ते तोडले गेल्याचा संताप त्या कवितेत आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो असे टिळक म्हणत असत; आणि राखणीसाठी बसवलेल्या शेतातले धान्य तुकोबांनी पाखरांना मनसोक्त खाऊ दिले, ही कथा वारकरी परंपरेत सांगितली जाते. पाखरांच्या वाट्याची जाणीव मराठी ख्रिस्ती मनाला अशी दोन्हीकडून वारसाहक्काने मिळालेली आहे.

नाताळची पेंढी

पाखरांना मुद्दाम खाऊ घालण्याच्या ख्रिस्ती प्रथेचा उगम शोधताना असिसीच्या संत फ्रान्सिसचे (मृत्यू १२२६) नाव पुढे येते. इटलीतील बेवान्या गावाजवळ त्याने पाखरांपुढे केलेले प्रवचन चित्रांमुळे जगभर ठाऊक आहे, परंतु पक्ष्यांच्या अन्नाविषयीचे त्याचे म्हणणे तितके प्रसिद्ध नाही. त्याचा चरित्रकार थॉमस ऑफ सेलानो याने त्याच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या चरित्रात अशी नोंद केली आहे की, सम्राटाची भेट झालीच तर नाताळच्या दिवशी ऐपत असलेल्या प्रत्येकाने रस्त्यावर धान्य पसरावे असा हुकूम काढण्याची विनंती आपण करू, म्हणजे त्या सणाला पाखरांना आणि विशेषतः चंडोलांना पोटभर मिळेल, असे फ्रान्सिस म्हणत असे. मातीच्या रंगाचा, डोक्यावर टोपीसारखा तुरा मिरवणारा चंडोल त्याला साध्या वेषातल्या संन्याशासारखा वाटे. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये सृष्टीच्या संरक्षणावर काढलेल्या परिपत्राचे शीर्षक याच संताच्या स्तोत्रातून घेतले. त्या परिपत्रात बाजारातल्या चिमण्यांच्या वचनाचा आधार घेऊन प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे असे प्रतिपादन केले आहे.

नॉर्वे आणि स्वीडन या देशांत नाताळच्या सुमारास ओट धान्याची न झोडलेली पेंढी खांबाला किंवा झाडाला बांधून पाखरांसाठी ठेवतात. बर्फाने जमीन झाकलेली असताना कणसातले दाणे टिपायला पाखरांची गर्दी होते आणि घरातल्या मेजवानीबरोबर अंगणातही मेजवानी चालते. महाराष्ट्राच्या खेड्यांत ज्वारी-बाजरीची कणसे किंवा भाताच्या लोंब्या ओसरीच्या वाशाला टांगून चिमण्यांसाठी ठेवण्याची रीत आढळते, ती याच जातीची आहे. हवामान, पीक आणि धर्म वेगळे असूनही सुगीतला काही भाग न झोडता पाखरांसाठी राखायचा, हा विचार दोन्हीकडे सारखा आहे.

पाहण्याची परंपरा

उपदेशातील पाहण्याची आज्ञा काही ख्रिस्ती अभ्यासकांनी अक्षरशः पाळली आणि त्यातून पक्षीशास्त्राला मोठी चालना मिळाली. लोहाराचा मुलगा असलेल्या जॉन रे या इंग्रज धर्मोपदेशकाने १६६२ मध्ये नव्या कायद्यानुसार शपथ घ्यायला नकार देऊन केंब्रिजमधील पद सोडले आणि उरलेले आयुष्य वनस्पती व प्राण्यांच्या वर्गीकरणाला वाहिले. सृष्टीच्या रचनेतून देवाचे ज्ञान कसे प्रकट होते हे सांगणारा त्याचा ग्रंथ १६९१ मध्ये निघाला. सेलबोर्न या खेड्यात पाळकाचे काम करणाऱ्या गिल्बर्ट व्हाइटने दिसायला जवळजवळ सारखे असणारे तीन वटवट्या पक्षी मुख्यतः आवाजांच्या फरकावरून वेगळे ओळखले, आणि त्याची निरीक्षणे १७८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकात लंडनचे धर्मोपदेशक जॉन स्टॉट यांनी जगभरच्या प्रवासात दुर्बीण सोबत ठेवली आणि पक्ष्यांपासून श्रद्धावंताने काय शिकावे याविषयी १९९९ मध्ये सचित्र पुस्तक लिहिले. या सर्वांनी पक्ष्यांवर आपली शिकवण लादण्याआधी त्यांना जसे आहेत तसे पाहिले, म्हणूनच त्यांच्या नोंदी टिकल्या.

भारतातील सर्वांत प्रसिद्ध पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांच्या आत्मचरित्राचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे नाव शेक्सपिअरच्या एका नाटकाची आठवण करून देते आणि त्या नाटकातील शब्दांच्या मागे मत्तयाचे वचन उभे आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीची ओळख पटवण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथून त्यांच्या अभ्यासाला सुरुवात झाली. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन दिले.

परसात काय दिसते

महाराष्ट्रातील साधे परस, चाळीचे अंगण, वसईची वाडी किंवा जुन्या चर्चचे आवार थोडी झाडे राखून असेल, तर तिथे पाहण्यासारखे पुष्कळ असते. चिमणीच्या नराच्या गळ्यावर काळा डाग असतो आणि मादी फिकट तपकिरी असते. सूर्यपक्ष्याची मादी कोळ्याच्या जाळ्याने तंतू जोडून लोंबते घरटे विणते, तर शिंपी रुंद पानांच्या कडा टोचून कापसाच्या किंवा जाळ्याच्या धाग्याने शिवतो आणि त्या पिशवीत घरटे करतो. दयाळ थंडीत फारसा बोलत नाही, पण उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे उंच टोकावर बसून गाऊ लागतो. तांबट उन्हात तासन् तास एकसुरी ठोके दिल्यासारखा आवाज काढतो आणि तो आवाज निघताना त्याची चोच मिटलेली असते. सातभाई थव्याने राहतात आणि एका जोडीच्या पिल्लांना थव्यातले इतर पक्षीही भरवतात. कोकिळेची मादी काळ्या नरासारखी दिसत नाही. ती ठिपक्याठिपक्यांची तपकिरी असते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.

ऋतू बदलला की पाहुणे येतात. पावसाळा सरताना शेपूट हलवत चालणारे धोबी पक्षी उतरतात, आणि मध्य आशियाच्या बाजूने आलेल्या भोरड्यांचे थवे हिवाळाभर राहून फुललेल्या पांगाऱ्या-पळसांवर कलकलाट करतात. करकोचा, पारवा आणि निळवी यांना आपल्या येण्याजाण्याची वेळ कळते, पण लोकांना देवाचा न्याय कळत नाही, अशी खंत यिर्मया संदेष्ट्याने व्यक्त केली होती. पक्ष्यांच्या स्थलांतराची ती फार जुनी नोंद आहे. अनेक ख्रिस्तमंडळ्या १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ म्हणून पाळतात, आणि महाराष्ट्रात तो नेमका या पाहुण्यांच्या आगमनाच्या सुरुवातीला येतो.

पाहण्याला फार साहित्य लागत नाही. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, एकाच जागी थोडा वेळ स्वस्थ बसावे, कोणता पक्षी आला, काय खाल्ले, कोणाला घाबरला हे वहीत टिपावे, आणि नाव नंतर शोधावे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या आणि १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या परसातील पक्षीगणनेत भारतीय निरीक्षक २०१३ पासून भाग घेतात. घरच्या नोंदी अशा उपक्रमांत मिळवल्या तर त्यांतून मोठी चित्रे तयार होतात. उदाहरणार्थ, देशभरच्या निरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२० च्या अहवालाने चिमणी एकंदर देशात बरीचशी टिकून असली तरी मुंबईसह मोठ्या महानगरांत कमी होत असल्याचे दाखवून दिले.

दाणापाणी कसे ठेवावे

परसात सर्वांत उपयोगी गोष्ट पाणी ही आहे. मातीचे पसरट, खरबरीत तळाचे परळ घ्यावे, त्यात दोन बोटांपेक्षा जास्त खोल पाणी नसावे, मध्ये एखादा दगड ठेवावा म्हणजे लहान पाखरांना उभे राहता येते. पाणी रोज बदलावे आणि परळ घासून धुवावे, नाहीतर त्यात डास वाढतात आणि रोग पसरतात. दाण्यांत बाजरी, राळे, ज्वारी आणि तांदळाच्या कण्या चालतात. बुलबुल, तांबट आणि कोकीळ यांना पिकलेल्या पपईची किंवा पेरूची फोड आवडते. फरसाण, बिस्किटे, पाव, खारट किंवा तळलेले पदार्थ आणि बुरशी आलेले धान्य ठेवू नये. एका वेळी पाखरे संपवतील इतकेच ठेवावे, आणि मांजराला दबा धरता येणार नाही पण पाखरांना जवळच्या झुडपात पळता येईल अशी जागा निवडावी.

ढिगाने धान्य टाकण्याचे परिणाम शहरांनी पाहिले आहेत. अशा धान्यावर मुख्यतः कबुतरे वाढतात, त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासावाटे जाऊन काही लोकांना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो, आणि म्हणूनच मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये न्यायालयात गाजला. ब्रिटनमध्ये २००५ पासून घशाच्या एका परजीवी रोगाची साथ पसरली, तिच्या फैलावाला दाणे ठेवण्याच्या गर्दीच्या जागा हातभार लावत असल्याचे आढळले, आणि ग्रीनफिंच नावाच्या पूर्वी सर्वत्र दिसणाऱ्या पक्ष्याची संख्या झपाट्याने घसरली. प्रेमाने ठेवलेला दाणाही अस्वच्छ असेल तर मारक ठरतो, तेव्हा भांडे घासणे हा या भूतदयेचाच भाग मानला पाहिजे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की परसातल्या बहुतेक पक्ष्यांचे पोट दाण्यांवर चालत नाही. धान्य खाणारी चिमणीसुद्धा आपल्या कोवळ्या पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते, त्यामुळे दाणे ठेवून बागेत कीटकनाशक फवारणे म्हणजे थोरांना जेवायला वाढून लेकरांचे अन्न काढून घेणे होय. तुती, कढीपत्ता, अडुळसा, जास्वंद यांसारखी झाडे, जागा असेल तिथे उंबर किंवा पांगारा, न झाडलेला पालापाचोळ्याचा एक कोपरा आणि वाळलेली फांदी इतके राखले तरी ताटलीतल्या दाण्यांपेक्षा अधिक जातींचे पोट भरते. शेताचे कोपरे न कापण्याचा लेवीय ग्रंथातील नियम परसबागेत पाळायचा तो असा. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि पतंगाच्या घातक मांज्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात, हेही याच नियमाच्या कक्षेत येते.

पडणारी चिमणी

परस नियमाने पाहणाऱ्याला तिथे केवळ गोडवा आढळत नाही. दाण्यांवर जमलेल्या चिमण्यांवर शिक्रा झडप घालतो, वादळात घरटी कोसळतात, कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या कष्टांवर वाढते. मत्तयाच्या वचनाचा बारकाईने विचार केला तर त्यातही चिमणी कधी पडत नाही असे आश्वासन नाही. ती पडते, पण पित्याच्या नकळत पडत नाही, एवढेच तिथे म्हटले आहे. १०४ वे स्तोत्र तर सिंहाचे छावे गर्जना करून देवापाशी आपले भक्ष्य मागतात असे सांगते, म्हणजे शिक्र्याचे जेवणही त्याच पोसण्याचा भाग ठरते. या ठिकाणी ख्रिस्ती चिंतन सोपी उत्तरे देऊ शकत नाही आणि त्याने देऊही नयेत. दुःख पाहूनही नजर न वळवणे आणि ज्याची कोणी गणती करत नाही त्याची नोंद ठेवणे, एवढे मात्र ते मागते. अशी सवय लागलेल्या माणसाला गर्दीतल्या, बाजाराने वर टाकलेल्या माणसांकडेही तसेच पाहणे जमू लागते, आणि पाखरांहून माणसाचे मोल जास्त आहे असे सांगताना येशूचा रोख त्याच दिशेने होता.

पाखरांना खाऊ घालण्याच्या आनंदाची कसोटी मग स्वाभाविकपणे ठरते. घर बंद करून कुटुंब महिनाभर गावी गेले आणि तेवढ्याने पाखरांची उपासमार झाली, तर त्या घराने पाखरांना आपल्यावर अवलंबून ठेवले असे म्हणावे लागेल. उलट ताटली रिकामी असतानाही उंबराची फळे, पानांखालच्या अळ्या आणि न कापलेल्या गवताचे बी यांवर त्यांचे भागत असेल, तर पोसण्याचे काम ज्याचे आहे त्याच्याकडेच ते राहिले आहे, आणि माणसाने आपल्या वाट्याला आलेले पाहण्याचे काम नीट केले आहे.